आईचे दोन्ही डोस

मोरिवली, अंबरनाथ
७ फेब्रुवारी २०२२

दादूस,

पाकिटावर वहिनीचं नाव टाकलंय, कारण माझं नाव बघून तू ते तसंच कचऱ्यात टाकलं असतंस. फोनवर तू मला ब्लॉक केलंस. राजसीलाही ताकीद दिलीस म्हणे, आत्याशी बोलायचं नाही. मोरिवलीहून कुळगावला रिक्षानं अर्धा तास लागतो आणि मी तुला स्पीडपोस्टानं पत्र पाठवतेय. पोस्टातली बाई पत्ता बघून म्हणाली, "इतक्या जवळ कशाला?" मी म्हटलं, माणूस लांबचा आहे.

आईच्या तेराव्याला तू मांडवात जे बोललास ते अख्ख्या गावानं ऐकलं. पंगत बसायची होती, पानं मांडून झाली होती. तू हात जोडून उभा राहिलास आणि म्हणालास, "माझ्या बहिणीनं आयच्या नावावर लशीच्या खोट्या नोंदी केल्या. मना काय पत्ता नव्हता. मी समजत होतो आयनं दोनी सुया घेतल्यात." बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मग तू पुढं म्हणालास, "पन दवाखान्यात हिनं डॉक्टरला खरं सांगितलं होतं, की आयनं लस नाय घेतली. तरी त्यानं आयला घरी पाठवलं. त्या डॉक्टरला मी सोरनार नाय." त्यानंतर तू वाढायला घेतलंस. मी वाढलेलं कुणी खाल्लं नाही, हे तुला दिसलं असेलच.

पत्ता नव्हता? २८ नोव्हेंबरचा रविवार आठव. आदल्या दिवशी सरकारचा नवा नियम निघाला होता. कार्यक्रम करा, हॉल उघडा, पाहुणे बोलवा, पण आत येणाऱ्या प्रत्येकाचे दोन डोस झालेले पाहिजेत, नाहीतर हॉलवाल्याला दंड. राजसीचं लग्न तीन आठवड्यांवर. सकाळी मी दात घासत होते तेव्हा तुझा फोन आला. "रंजे, हॉलवाला सगल्यांची सर्टिफिकेटं मागतोय. आयचं काय करायचं?" मी म्हटलं, आईला लस घे म्हणून तूच सांग, माझं ती ऐकत नाही. तू म्हणालास, "आथा देऊन काय उपेग? दुसरा डोस कवा होनार? तुज्याच हातात हाय ना तो कॉम्प्युटर? एक बटन दाबायला काय जातंय तुजं?"

मी लसीच्या केंद्रावर नोंदी करणारी कंत्राटी बाई. तुझ्या दृष्टीनं आयुष्यात पहिल्यांदा माझा काही उपयोग होणार होता. नवऱ्याला सोडून माहेरी येऊन राहिलेली बहीण, तिला तू सणाला एक साडी पाठवायचास आणि वर्षभर गप्प बसायचास. त्या दिवशी मात्र चार वेळा फोन केलास.

आणि ११ जानेवारीला, मी आईला दवाखान्यातून घरी आणल्यावर, तू फोनवर मला पहिला प्रश्न काय विचारलास तेही आठव. ज्याला पत्ता नव्हता तो माणूस तसा प्रश्न विचारेल का?

असो. ते आता उकरून काढत नाही. मला एवढंच सांगायचंय की त्या डॉक्टरच्या मागं लागू नकोस. तक्रार झाली की नोंदींचा विषय निघणार, त्यात तुझंही नाव येणार. घराची लाज दारावर टांगून काय मिळणार आहे? आई तर गेली. तू दवाखान्याचा केसपेपर मागितला होतास. मी सगळीकडं शोधला, सापडला नाही.

रंजना


मोरिवली
२१ फेब्रुवारी २०२२

दादूस,

राजसीनं सासरहून चोरून फोन केला. तुझा निरोप, म्हणजे तू तिच्या आईशी जे बडबडत होतास ते, तिच्याकडून कळलं. तू म्हणतोस की डिसेंबरच्या नोंदीचं एक वेळ माझ्यावर ढकल, पण पहिली नोंद तर सप्टेंबरातली आहे. ती करायला कोण सांगायला आलं होतं?

कुणी नाही. ती माझीच. आता बस आणि वाच, कारण हे सगळं घडत होतं तेव्हा तू फ्लॅटच्या खाली उतरत नव्हतास, भाजी दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर घेत होतास.

आईनं लस का घेतली नाही, हे तू लोकांना "अडाणी होती, घाबरली" असं सांगतोस. आई घाबरट नव्हती. दुसऱ्या लाटेत ज्या घरात माणूस गेलं त्या घरात डबा घेऊन जाणारी गावातली पहिली बाई आपली आई होती. तिची भीती वेगळी होती. मागच्या वर्षी मार्चमध्ये गोजरबाईनं सुई घेतली. तिसऱ्या दिवशी खालच्या आळीत हळद होती. आई आणि गोजरबाई दोघी हळदीचे धवले गायला बसल्या. गोजरबाईच्या अंगात कणकण होती. आईनं तिची ओळ म्हणून सोडली आणि पुढची ओळ गोजरबाईला उचलता आली नाही. चाळीस वर्षं जोडीनं गायलेला धवला. ती तोंड उघडं ठेवून बसली. नवरीच्या अंगाला हळद लागता लागता हात थांबले. आपल्यात भटजी उशिरा आला तर लोक चहा पीत बसतात, पण धवले गाणारी धवलारीन मध्येच थांबली तर नवरीची आई रडायला लागते. आईनं दोघींच्या ओळी एकटीनं गाऊन ते निभावलं. महिन्याभरात त्या नवरीचा सासरा करोनानं गेला. मग काय, गावाला जे समजायचं ते समजलं.

मी आईला सांगून दमले की तो नुसता ताप होता, आता गोजरबाई पुन्हा गातेय की नाही बघ. आई म्हणायची, "तिचं आरधंच परत आलंय. मना कालजी तिची नाय. माज्या डोक्यात हायेत ते कुनी लिवलेत का? गेले तं गेले. राजसीची हलद होऊ दे, मंग टोच मना पायजे तिथं." तिला वाचता येत नव्हतं, दादूस. लग्नाचे तीन दिवस पुरतील इतके धवले तिच्या डोक्यात होते आणि ते दुसरीकडं कुठंच नव्हते. तुला-मला त्यातले किती येतात? मला चार येतात. तुला एकही नाही.

तरी मी ८ सप्टेंबरला, गणपतीच्या दोन दिवस आधी, तिला केंद्रावर नेलंच. भांडून नेलं. आमच्याकडं दुपारी सर्व्हर बंद पडायचा, म्हणून सकाळी चालू असेपर्यंत आम्ही रांगेतल्या लोकांची लस 'दिली' अशी नोंद आधीच करून टाकायचो आणि मग माणूस आत सुईला जायचा. सगळे तसंच करायचे. वरून रोजचा आकडा हवा असायचा. मी आईची नोंद केली, माझ्या फोनवर मेसेजही आला की अभिनंदन, पुतळाबाई यांचा पहिला डोस यशस्वीपणे झाला. आत मधु सिस्टर तिची बाही वर करत होती. तेवढ्यात शेजारच्या खोलीत सुई घेतलेली एक बाई चक्कर येऊन पडली. आई खुर्चीतून उठली, पदर सारखा केला आणि चालत घरी गेली. मी खिडकीतून बघितलं. पाठ ताठ, मागं वळून बघितलं नाही.

नोंद मागं घेता येत नव्हती. मागं घ्यायची म्हटली तर साहेबांकडं अर्ज, आधीच नोंद का केली याचा जाब. मधु म्हणाली, "उद्या आण, बाटलीत उरतो त्यातला देऊन टाकू." उद्या आई आली नाही. परवा गणपती आले. मग मी सांगणंच सोडलं. खरं सांगू? मला हलकं वाटलं. रोजचं भांडण मिटलं होतं आणि कागदावर आई सुरक्षित होती. मी दिवसभर तो कागद बघणारी बाई, मलाही तो खरा वाटायला लागला होता.

मग १ डिसेंबरला चौऱ्याऐंशी दिवस पुरे झाले आणि तुझ्यासाठी मी दुसरं बटण दाबलं.

तक्रारीचं काय ठरवलंस ते राजसीला विचारलं तर ती रडायला लागली.

रंजना


मोरिवली
१० मार्च २०२२

दादूस,

तक्रार दिलीस. चांगलं केलंस. राजसीनं त्याचा फोटो पाठवला. तुझी भाषा वाचून वाटलं, वकिलाकडून लिहून घेतलीस. "माझ्या बहिणीने रुग्णाचे लसीकरण झाले नसल्याचे स्पष्ट सांगूनही डॉक्टरांनी हलगर्जीपणाने रुग्णास घरी पाठविले." स्पष्ट सांगूनही. तू तिथं होतास का? तू त्या दिवशी राजसीच्या सासरी वांगणीला होतास, पहिल्या संक्रांतीचं काय द्यायचं-घ्यायचं ते ठरवायला.

काल तो डॉक्टर माझ्याकडं आला होता. केंद्रावर, दुपारी, गर्दी नसताना. आता गर्दी नसतेच. गंधार नाव आहे त्याचं. तू त्याला बघितलेलं नाहीस, म्हणून सांगते, राजसीच्या नवऱ्यापेक्षा लहान दिसतो. त्याला कामावरून थांबवलंय. चौकशीत दोषी ठरला तर त्याची पुढची परवानगी, शिक्षण, सगळं अडकेल. मला वाटलं भांडायला आलाय. तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "मॅडम, मी भांडायला नाही आलो. एकच विचारायचंय. तुम्ही मला सांगितलं होतंत का, की आजींची लस झालेली नाही?"

मी टेबलावरचे कागद सारखे करत बसले.

तो म्हणाला, "त्या आठवड्यात मी दिवसाला दीडशे-दोनशे पेशंट बघत होतो. मला आजींचा चेहरा आठवतो, त्यांनी मला 'बाबा' म्हटलं तेही आठवतं. बाकी आठवत नाही. मी कधी असं करत नाही. वय जास्त, शुगर, लस नाही, अशाला मी घरी पाठवत नाही. पण तुमचे भाऊ लेखी म्हणतायत म्हणजे तुम्ही सांगितलं असेल. माझ्याकडूनच ऐकायचं राहिलं असेल. रात्री झोप लागत नाही मला. तुम्ही नक्की सांगा, म्हणजे मी तसं मान्य करून टाकतो."

कळतंय का तुला तो काय म्हणत होता? तो कबूल करायला तयार आहे. आपल्यासारखी दोन भावंडं एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला स्वतःच्या आठवणीवर विश्वास नसलेलं हे पोरगं.

मी त्याला काय सांगितलं माहितेय? मी म्हटलं, "मलाही नीट आठवत नाही हो, खूप गोंधळ होता." त्यानं मान हलवली, थँक्यू म्हणाला आणि गेला. थँक्यू म्हणाला! मधुनं विचारलं कोण होतं, तर मी म्हटलं, ओळखीचा मुलगा, सर्टिफिकेट काढायला आला होता.

तक्रार मागं घे, दादूस. मी पाया पडते म्हणून लिहिणार होते पण ते मला जमत नाही. नुसतं मागं घे. तुला आईसाठी कुणाला तरी शिक्षा झालेली बघायचीय, मला समजतंय ते. मला धर. ऑपरेटर बाईवर तक्रार दे, तिच्या नोंदी खोट्या आहेत म्हणून. पण तसं तू करणार नाहीस, कारण मग ती बाई विचारेल की साहेब, २८ नोव्हेंबरला फोन कुणी केला होता?

रंजना


मोरिवली
२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा

दादूस,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. सरकारनं आजपासून सगळे निर्बंध उठवले. मास्क लावा, नाहीतर नका लावू, ज्याची त्याची मर्जी. हॉलला आता माणसांची मर्यादा नाही, दारात कुणी सर्टिफिकेट मागणार नाही. सकाळी शोभायात्रा निघाली ती मी दारातून बघितली. ढोल, फेटे, बुलेटवर नऊवारी नेसलेल्या पोरी, सगळ्यांची तोंडं उघडी. दोन वर्षांनी इतके दात एकदम बघितले. सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. मला कुणी मिठी मारली नाही, आणि मारली असती तर मी काय केलं असतं तेही माहीत नाही.

गेल्या गुरुवारी, ३१ मार्चला, आमचं केंद्र बंद झालं. कंत्राट संपलं. तेरा महिने रोज बसले त्या खुर्चीतून उठवताना साहेबांनी एक गुलाबाचं फूल आणि 'कोविड योद्धा' लिहिलेला कागद दिला. माझ्या नावाचा. खरा कागद. मी तो अजून पिशवीतून बाहेर काढलेला नाही.

राजसीच्या लग्नाच्या दिवशी हॉलच्या दारात वॉचमन मोबाइल घेऊन बसला होता, आठवतं? आईचं सर्टिफिकेट त्यानं मोबाइलनं तपासलं, हिरवी खूण आली, तो म्हणाला, "जाओ अम्मा." आई मागं वळून मला म्हणाली, "रंजे, पन्नास वरसं मांडवात जातेय, कुनी मना दारात उभं केलं नवतं." हसत म्हणाली. आणि आत जाऊन काय गायली ती! तुझ्या व्याह्यांकडच्या बायका मोबाइल धरून बसल्या होत्या. मला त्या दिवशी वाटलं, बरं झालं बटण दाबलं. हे मी तुला पहिल्यांदा लिहितेय. आतापर्यंत सगळं तुझ्या गळ्यात घालत आले, तुझ्या चार फोनांच्या गळ्यात. पण मलाही ते हवं होतं. आईशिवाय राजसीची हळद मला बघवली नसती. मी तुझ्यासाठी केलं नाही, दादूस. तू फोन केला नसतास तरी मी केलं असतं, असं आता मला वाटतं.

लग्नानंतर मधु दोनदा म्हणाली, आता आण आईला, उरलेल्यातला देऊ. मी आईला म्हटलं. ती म्हणाली, "चार दिस घसा बसलाय, बरा होऊ दे." मग पौष लागला, मग ९ जानेवारीला ताप आला.

राजसी सांगत होती, चौकशी मंगळवारी, १२ तारखेला आहे. मलाही साक्षीला बोलावणं आलंय. तू वहिनीला म्हणालास म्हणे, "रंजी काय उलटी नाय बोलनार. फोनवर मना स्वताच्या तोंडानं सांगितलंय तिनं."

हो. सांगितलंय.

रंजना


मोरिवली
१० एप्रिल २०२२

दादूस,

हे शेवटचं पत्र. यानंतर तुला पोस्टमनचा त्रास नाही.

सोबत एक झेरॉक्स आहे. आधी ती बघ. तो आईचा केसपेपर आहे, ११ जानेवारीचा. हरवला नव्हता. माझ्या कपाटात होता, आईच्या साड्यांखाली. तिसऱ्या ओळीत डॉक्टरच्या हातचं अक्षर आहे. "लस: दोन्ही डोस पूर्ण. सांगणारी: मुलगी." मुलगी म्हणजे मी.

त्या संध्याकाळी तू वांगणीहून फोन केलास आणि पहिला प्रश्न विचारलास, "डॉक्टरला सांगितलंस ना, आयनं सुई नाय घेतली ते?" मी म्हटलं, सांगितलं. तू म्हणालास, "तरी घरी पाठवलं?" मी म्हटलं, हो ना, काय करणार. त्या दोन वाक्यांवर तू अख्खी तक्रार उभी केलीस. मी खोटं बोलले होते. तुझ्याशी, आणि तुझ्याही आधी डॉक्टरशी.

आता काय झालं ते नीट सांगते. मंगळवारी चौकशीत हेच सांगणार आहे, मूळ कागद तिथंच देणार आहे. तू ये किंवा नको येऊस. माझ्यावर पुढं जी केस व्हायची ती होऊ दे. २८ नोव्हेंबरच्या फोनचं त्यांनी विचारलं तर सांगेन, नाही विचारलं तर सांगणार नाही. ते तुझं तू बघ.

आईला ताप येऊन तिसरा दिवस होता. दवाखान्यात अंगणापर्यंत रांग. आम्ही दोन तास उभ्या होतो, आई मध्ये मध्ये पायरीवर बसत होती. त्याच आठवड्यात आमच्या ऑपरेटर लोकांच्या ग्रुपवर एक बातमी फिरत होती, कुठल्याशा केंद्रावर खोट्या नोंदी केल्या म्हणून एका ऑपरेटरला पोलिसांनी उचललं. फोटोही होता, तोंडावर रुमाल बांधलेला. मी तो फोटो रांगेत उभी राहून परत परत बघत होते. आई विचारत होती, "काय हाय गो त्यात?" मी म्हटलं काही नाही.

आमचा नंबर आला. टेबलाशेजारी आमच्याच ऑफिसातला एक माणूस पेशंटांची यादी घेऊन बसला होता. मला ओळखत होता, मान हलवली त्यानं. डॉक्टरनं आईच्या बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावलं. पंचाण्णव. छाती तपासली. वय विचारलं, शुगर विचारली. मग मला विचारलं, "लस?"

मी म्हटलं, "दोन्ही झालेत."

एकदम म्हटलं. विचार करायला वेळ घेतला नाही. दहा महिने रोज दोनशे लोकांसाठी तेच वाक्य टाइप करत होते, तसं तोंडातून गेलं. आणि डॉक्टर म्हणाला, म्हणजे हे त्यानं स्पष्ट सांगितलं, दादूस, मला ऐकू आलं, "बरं झालं. या वयात शुगर आहे, लस झाली नसती तर मी त्यांना ठेवूनच घेतलं असतं. आता घरी न्या, त्र्याण्णवच्या खाली गेलं तर लगेच आणा."

ठेवून घेतलं असतं. मला अजून एक क्षण होता. लिहिणं चालू होतं त्याचं. मी तोंड उघडलं असतं तर आईला त्याच दिवशी बेड मिळाला असता, औषधं सुरू झाली असती. कदाचित तरीही गेली असती. कदाचित. तो कदाचित मी रोज उगाळते. १४ तारखेला सकाळी ऑक्सिजन एकदम ब्याऐंशीवर आला तेव्हा आई पाटावर बसून तीळ निवडत होती. १९ ला गेली. दोष त्या तरुण डॉक्टरचा नाही, सर्व्हरचा नाही, हॉलवाल्याचा नाही, गोजरबाईच्या तापाचा नाही. बटण दाबलं त्यातला अर्धा दोष तुझा धर. पण त्या टेबलाशी मी एकटी उभी होते.

एकटी म्हटलं, ते खरं नाही. आई होती.

डॉक्टरनं लिहिता लिहिता, सहज, मायेनं विचारल्यासारखं आईला विचारलं, "आजी, घेतल्यात ना दोन्ही सुया?" मी खाली बघितलं. आई सरळ आहे, ती आत्ता सांगणार, असं मला वाटलं, आणि देवाशपथ सांगते, तिनं सांगावं असंही वाटलं. आईनं माझ्याकडं बघितलं. मग त्या यादीवाल्या माणसाकडं बघितलं. तिला वाचता येत नव्हतं, पण कोण कुणाला घाबरलंय हे तिला लगेच कळायचं.

"घेतल्यात रं बाबा, दोनी," आई म्हणाली. "माज्या पोरीनंच देवविल्या." आणि तिनं डाव्या हाताची बाही खांद्यापर्यंत वर केली आणि त्याला जागा दाखवली. "ही बग, हितं. आजून दुखतं."

तो हसला. वाकून बघितलं आणि म्हणाला, "छान, आजी." मग तिसरी ओळ लिहिली.

रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून बसली होती. अंग भाजत होतं. मोरिवलीच्या फाट्याशी रिक्षा वळली तेव्हा डोळे मिटलेलेच होते, तशीच म्हणाली, "रंजे, नोकरी रायली ना गो तुजी?"

मी म्हटलं, राहिली, आये.

रंजना